मालगाडी ओळखायची कशी, टिपायची कशी: नागपूरच्या रेल्वेप्रेमींसाठी पायरीपायरीने

अजनीच्या पुलावरून काढलेले मालगाड्यांचे फोटो मला बरेच जण पाठवतात. इंजिनाचा चेहरा स्वच्छ आलेला असतो, रंग छान असतात. मी विचारतो, मागे काय होतं? उत्तर येतं, "कोळशाचे डबे." किती होते? भरलेले की रिकामे? शेवटी ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, होती का? इथे बहुतेकांचं उत्तर संपतं, कारण इंजिन पुढे गेलं की कॅमेरा खाली आलेला असतो. इंजिन उद्या दुसऱ्याच रेकला, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या माळेला, लागेल. त्या दिवशीच्या गाडीची ओळख मागच्या अर्ध्या किलोमीटरभर वाघिणींमध्ये, म्हणजे मालाच्या डब्यांमध्ये असते. ती हातातून का निसटते आणि निसटू नये म्हणून कोणत्या क्रमाने काम करायचं, ते इथे लिहितो.

१. आधी जागा, मग कॅमेरा

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात, त्यामुळे जागांना तोटा नाही. तरी नवा माणूस पहिल्यांदा डायमंड क्रॉसिंगकडेच, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथेच, धावतो. तिथे जाऊ नका. तो चालू रुळांचा गुंता आहे, आणि जमिनीवर उभं राहून त्याचा आकार कॅमेऱ्यात येतही नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अजनी यार्ड, अजनीचं लोको शेड आणि कळमन्याच्या साइडिंगलाही हेच लागू.

चालणाऱ्या जागा तीन प्रकारच्या. पहिली म्हणजे रस्त्याच्या पुलाचा फुटपाथ. इथून वाघिणींच्या आत डोकावता येतं. दुसरी म्हणजे फाटकाच्या अलीकडचा सार्वजनिक रस्ता. इथे चाकांच्या उंचीवरून दृश्य मिळतं. तिसरी म्हणजे बुटीबोरी, कळमेश्वर, काटोल, कामठी अशा स्टेशनांचा फलाट. तिथे प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, ते २ तासांपुरतंच असतं हे लक्षात ठेवा आणि स्टेशन मास्तर किंवा आरपीएफ जवानाला आधी सांगा. "साहेब, मालगाड्यांचे फोटो काढतो, फलाट सोडणार नाही," एवढं पुरतं. नाही म्हणाले तर वाद न घालता निघा.

नवशिक्याने पहिले ४-५ रविवार एकाच स्टेशनच्या फलाटावर घालवावेत असं माझं मत आहे. रोज नवी जागा शोधणाऱ्याला कुठल्याच जागेचा उजेड कळत नाही.

सावधान: ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी झटका बसतो. पुलावर सेल्फी स्टिक, मोनोपॉड, छत्री कठड्याबाहेर काढायची नाही. तारेपासून निदान २ मीटर अंतर राहिलंच पाहिजे.

सावधान: कामठी ही छावणी आहे आणि वर्ध्यापलीकडे पुलगावला दारूगोळ्याचं भांडार आहे. वाघिणींवर रणगाडे, तोफा, लष्करी ट्रक दिसले की कॅमेरा बंद करा. नंतर पुसून टाकू म्हणून फोटो काढून ठेवू नका. ड्रोनचाही विचार सोडा. विमानतळ आणि वायुसेनेचा तळ शहराला लागून आहेत.

२. उजेडाची बाजू निघण्याआधी ठरवा

सर्वांत जास्त फोटो इथे वाया जातात. रूळ कोणत्या दिशेला जातो हे नकाशावर पाहिलेलं नसतं, आणि गाडीची सावलीतली काळी बाजू टिपली जाते.

नागपूरहून अजनी, खापरी, बुटीबोरीकडे जाणारा मार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे. सकाळी रुळाच्या पूर्वेला उभे राहा, दुपारी चारनंतर पश्चिमेला. कळमेश्वर-काटोलची बाजू आणि कामठीपुढे भंडाऱ्याकडे जाणारी बाजू बरीचशी पूर्व-पश्चिम आहे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसभर दक्षिणेला उभं राहिलं तरी चालतं, कारण सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो. जूनमध्ये हे उलटतं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा उत्तर बाजूवर ऊन येतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर. त्या दिवसांत साडेदहा ते साडेतीन इंजिनाचं फक्त छप्पर उजळतं, बाजू काळवंडतात आणि क्रमांक वाचता येत नाहीत. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात रुळावरची हवा थरथरते. लांबच्या लेन्सने दूरची गाडी टिपली तर ती पाण्यात बुडाल्यासारखी येते, आणि महागड्या लेन्सनेही ते सुधारत नाही. गाडी जवळ येऊ द्या, लेन्स आखूड ठेवा, नाहीतर सकाळी नऊच्या आत काम उरका.

पावसाळ्यातला ढगाळ दिवस मात्र सोडू नका. दोन्ही बाजूंना सारखा उजेड असतो आणि ओल्या डब्यांवरची अक्षरं ठळक दिसतात.

तपासा: गाडी यायच्या आधी स्वतःची सावली पाहा. ती रुळाकडे पडत असेल तर तुम्ही बरोबर बाजूला आहात. रुळापासून दूर पडत असेल तर बाजू बदला.

३. गाडी केव्हा येणार?

मालगाडीला प्रवाशांसाठीचं वेळापत्रक नसतं आणि प्रवासी गाड्यांच्या ॲपवर ती दिसत नाही. म्हणून उलट बाजूने विचार करा. प्रवासी गाड्यांच्या वेळा तर सगळ्यांना दिसतात. मागून सुपरफास्ट येत असली की पुढच्या मालगाडीला बहुधा एखाद्या स्टेशनवर लूप लाइनमध्ये, म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूच्या रुळावर, घेतात, सुपरफास्ट निघून गेली की सोडतात. म्हणजे दोन-तीन जलद गाड्या पाठोपाठ असतील तेव्हा मधल्या स्टेशनच्या लूपमध्ये रेक उभा असण्याची शक्यता चांगली. क्रमांक वाचायला, डबे मोजायला याहून सोपी वेळ नाही.

उभ्या गाडीजवळ लोकांकडून एक चूक हमखास होते. फोटोला कोन मिळावा म्हणून ते फलाटावरून उतरून वाघिणींजवळ जातात. सिग्नल मिळाला की गाडी न सांगता हलते, कपलिंगचे, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यांचे, धक्के इंजिनापासून शेपटापर्यंत धडधडत येतात, आणि बाजूच्या लाइनवरून येणारी गाडी त्या आवाजात ऐकू येत नाही. फलाट सोडायचा नाही.

फाटकावर उभे असाल तर गेटमनला गाडीबद्दल विचारू नका. तो फोनवर निरोप घेत असतो. त्याच्या कामात व्यत्यय आणून मिळालेला फोटो मला नको.

४. कॅमेरा गाडी येण्याआधी लावून ठेवा

मालगाडी ताशी ७२ किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला २० मीटर सरकते. १/१०० च्या शटरला ती तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते, १/१००० ला फक्त २. बाजूने क्रमांक टिपायचा असेल तर १/१००० किंवा जास्त ठेवा. समोरून तिरक्या कोनात १/५०० चालतं.

एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोपवू नका. कोळशाचा काळा रेक चौकटीत भरला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो आकाश पांढरं करून टाकतो. स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत वाघिणी आल्या की उलटं होतं. पेटलेला हेडलाइट तर मीटरला हमखास चकवतो. उपाय सोपा आहे. गाडी नसताना उन्हातल्या खडीवर किंवा गवतावर मोजमाप घ्या आणि मॅन्युअलमध्ये कायम करा. मध्ये ढग आला तरच बदला.

मोबाइलवर हेच करायचं: स्क्रीनवर खडीला बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, झूम न करता मुख्य लेन्स वापरा, बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, चालू ठेवा. कॅमेऱ्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर बंद करा. त्याने धावते डबे एका बाजूला झुकलेले दिसतात, आणि मग लोक वाघिणीच्या आकाराबद्दल चुकीचे निष्कर्ष काढतात.

तपासा: कार्डात जागा, बॅटरी, घड्याळाची वेळ. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिळवून घ्या. पुढे नोंदी जुळवताना हीच वेळ कामी येते.

५. गाडी समोर आल्यावर कोणत्या क्रमाने टिपायचं

५८ बॉक्सएन, म्हणजे सपाट तळाच्या उघड्या, वाघिणींचा रेक इंजिनासह साधारण ६४० मीटर भरतो. ताशी ६० ने तो ४० सेकंदांत तुमच्यासमोरून जातो. एवढ्यात सगळं हाताने जमत नाही, म्हणून दोन साधनं लागतात. मोबाइल कठड्याच्या आत ट्रायपॉडवर आडवा लावून व्हिडिओ सुरू करून ठेवा आणि हातात कॅमेरा घ्या.

मग असं करा. गाडी दूर असताना एक फोटो, पूर्ण वळण किंवा सरळ रेषा दिसेल असा. इंजिन जवळ आल्यावर तिरक्या कोनातून एक बर्स्ट. इंजिन बरोबरीने जाताना बाजूचा क्रमांक आणि शेडचं नाव. त्यानंतर लगेच अंगाने वळून रुळाशी काटकोनात उभे राहा आणि दोन-तीन वाघिणी सरळ बाजूने टिपा. तिरक्या फोटोत वाघिणीचा क्रमांक वाचता येत नाही, कितीही मोठा करून पाहा. शेवटी शेपूट: ब्रेक व्हॅन आहे का, नसेल तर शेवटच्या वाघिणीच्या कपलिंगवर यंत्र लावलंय का, आणि 'शेवटचा डबा' दाखवणारी पाटी.

मधे कॅमेरा खाली घ्यायचा नाही. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या बाजूला दोन किंवा जास्त रेक जोडून लांब गाड्या चालवतात. १५ ऑगस्ट २०२२ ला कोरबा ते राजनांदगाव गेलेल्या 'सुपर वासुकी'ला २९५ वाघिणी होत्या आणि लांबी ३.५ किलोमीटर. अशा गाडीत इंजिनं मधेही असतात. कामठीजवळ एकदा मी पुढचं इंजिन टिपून पिशवीची चेन लावत होतो, तेवढ्यात मधलं इंजिन समोरून निघून गेलं. त्या गाडीची माझी नोंद अजून अर्धी आहे.

६. इंजिन: रंगावरून नको, आकड्यावरून

मालगाडीचं वॅग-९ हिरवं आणि प्रवासी गाडीचं वॅप-७ पांढरं असा समज असतो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण जाहिरातींचे रंग चढतात, धुळीने रंग बुजतात. इंजिनावरचे पहिले दोन आकडे पाहा. २७, २८ म्हणजे वॅग-७. ३१, ३२, ३३ किंवा ४१ म्हणजे वॅग-९ चं कुटुंब. ६० म्हणजे वॅग-१२, दोन भाग कायमचे जोडलेलं १२,००० अश्वशक्तीचं इंजिन. याच्या देखभालीचा डेपो आपल्या अजनीलाच आहे, त्यामुळे नागपुरात ते भरपूर दिसतं. नवशिके त्याला 'दोन इंजिनं' म्हणून नोंदवतात. ते एकच मोजायचं.

इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव असतं: अजनी, भुसावळ, इटारसी, काझीपेट, भिलाई. शेड म्हणजे इंजिनाचं घर. गाडी तिथूनच आली असं त्यावरून ठरत नाही.

आणखी एक चूक: वॅग-९ दिसलं म्हणून मालगाडी. मालाचं इंजिन प्रवासी गाडीलाही लागतं. डबे पाहिल्याशिवाय नोंद करू नका.

७. वाघिणी: माल पाहू नका, तळ पाहा

"कोळसा म्हणजे बॉक्सएन" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की या पायरीवर थोडा जास्त थांबतो.

उघड्या वाघिणी दिसल्या की आधी चाकांच्या मधली जागा पाहा. तळ सपाट असेल तर बॉक्सएन किंवा तिच्या बहिणी. तळ नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत असेल, टोकाच्या भिंती तिरप्या असतील, तर ती बॉबआरएन, म्हणजे खालून दारं उघडून माल सोडणारी हॉपर. दोन्हींत कोळसाच जातो. वीज केंद्रात तो उतरवतात कसा, यावर कोणती वाघीण लागेल ते ठरतं. हॉपर रुळाखालच्या खड्ड्यावर उभी राहून दारं उघडते. बॉक्सएनला टिपलर यंत्र अख्खी उचलून उलटी करतं. कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रं जवळ असल्याने हा फरक शिकायला नागपूरसारखी जागा नाही.

बॉक्सएन आणि बॉक्सएनएचएल यांत गल्लत होते. जुनी बॉक्सएन रिकामी असताना साडेबावीस टनांच्या आसपास भरते. बॉक्सएनएचएल स्टेनलेस स्टीलची, तिच्याहून हलकी, आणि जास्त माल घेते. अंगावर नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. रंगावरून ठरवू नका, कारण कोळशाच्या धुळीत सगळ्या सारख्याच दिसतात.

आता भरलेली की रिकामी. रिकामा रेक खडखडतो, भरलेला जमिनीतून घुमतो. पुलावरून आत दिसतंच. पण इथे एक फसवी गोष्ट आहे. तुमसर, मनसर, बालाघाट या आपल्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचं किंवा लोखंडाचं खनिज फार जड असतं. वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि वाघीण अर्धीही भरलेली दिसत नाही. तळाशी काळपट-तपकिरी ढीग दिसला तर 'जवळपास रिकामी' लिहू नका, ती पूर्ण भरलेली असते.

झाकलेल्या वाघिणी म्हणजे बीसीएन कुटुंब. धान्य, सिमेंट, खत, साखर, काहीही असू शकतं. दार बंद असेल तर नोंदीत 'झाकलेला रेक' एवढंच लिहा. जुन्या बीसीएन लांब असतात म्हणून रेकमध्ये ४० च्या थोड्या वर बसतात. बीसीएनएचएल आखूड, त्या ५८ पर्यंत जातात. संख्या मोजली की प्रकाराचा अंदाज पडताळता येतो.

टाक्यांच्या गाड्या ओळखायला अवघड नाहीत. पेट्रोल-डिझेलची बीटीपीएन, आणि गॅसच्या टाकीवर तसं लिहिलेलंच असतं.

कंटेनरच्या बीएलसी वाघिणी पाच-पाचच्या संचात असतात. संचाच्या दोन्ही टोकांना नेहमीचं कपलिंग असतं, मधे जवळजवळ न हलणारा दांडा. ४५ वाघिणी म्हणजे ९ संच, त्यामुळे मोजताना संच मोजा. कंटेनरवर लिहिलेलं नाव हे गाडीच्या मालकाचं नाव नसतं, हेही ध्यानात ठेवा.

एनएमजी सर्वांनाच फसवते. जुने प्रवासी डबे, खिडक्या बंद केलेल्या, टोकाला उघडणारी दारं. त्यात मोटारी जातात. लांबून बघणारा तिला प्रवासी गाडी समजून कॅमेरा उचलतच नाही.

तपासा: रेक एकाच प्रकारच्या वाघिणींचा आहे की मिसळलेला? व्हिडिओ मंद गतीने पाहा. ५८ मध्ये दोन वेगळ्या वाघिणी असतील तर त्या नोंदवा.

८. ११ आकडी क्रमांक वाचा आणि पडताळा

प्रत्येक वाघिणीवर ११ आकडी क्रमांक असतो. पहिले २ आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात. उघड्यांचा पहिला आकडा १ किंवा २, झाकलेल्यांचा ३, टाक्यांचा ४. पुढचे २ मालक रेल्वेचे: ०१ मध्य, ०८ पश्चिम, १४ दक्षिण पूर्व मध्य, २५ कॉनकॉर ही कंटेनर वाहतुकीची कंपनी. पुढचे २ बांधणीचं वर्ष. मग ४ आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे. शेवटचा एक पडताळ्याचा.

हा शेवटचा आकडा आपल्या छंदासाठी सोन्यासारखा आहे, आणि फार थोडे लोक तो वापरतात. कोळशाने माखलेल्या वाघिणीवर ३ चा ८ वाटतो, १ चा ७. दोन वर्षं माझ्या वहीत अशा चुका साठल्या होत्या. पडताळा करायला लागलो तेव्हा त्या एकेक करून सापडल्या.

उदाहरणासाठी एक क्रमांक तयार करू: १० ०१ ०९ २३७४ ९.

शेवटचा आकडा बाजूला ठेवा. उरलेल्या दहापैकी सम जागांवरचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवा: ० + १ + ९ + ३ + ४ = १७. त्याची तिप्पट ५१. विषम जागांवरचे मिळवा: १ + ० + ० + २ + ७ = १०. एकूण ६१. याच्या पुढची दहाची पटीतली संख्या ७०, फरक ९. शेवटचा आकडाही ९, म्हणजे वाचन जुळलं. बेरीज आधीच दहाच्या पटीत आली तर पडताळ्याचा आकडा ०.

आता ३ च्या जागी ८ वाचला असता तर सम बेरीज २२, तिप्पट ६६, एकूण ७६, फरक ४. शेवटचा आकडा ९ आहे, म्हणजे कुठेतरी चूक आहे. एखादाच आकडा चुकला असेल तर हा पडताळा ती चूक पकडतोच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, जसे २ आणि ७, तर मात्र चूक निसटते. म्हणून फोटोवरून दोनदा वाचा.

९. घरी आल्यावर, त्याच रात्री

व्हिडिओवरून डबे मोजा, क्रमांक पडताळा, मग नोंद करा. माझ्या वहीतला साचा असा: तारीख, वेळ, जागा, दिशा, इंजिनाचा प्रकार, क्रमांक आणि शेड, वाघिणीचा प्रकार आणि संख्या, भरलेला की रिकामा, शेवटी काय, वाचलेले वाघीण क्रमांक, उजेड. 'दिशा' लिहिताना 'नागपूरकडे' पुरत नाही. 'बुटीबोरीहून अजनीकडे' असं लिहा. न दिसलेल्या गोष्टीची जागा रिकामी ठेवा.

फाइलचं नाव त्याच नोंदीवरून द्या, तारीख आधी. मूळ फोटो कापून जतन करू नका, कापलेली प्रत वेगळी ठेवा. आज नको वाटणाऱ्या कोपऱ्यातच पुढे एखादा वाघीण क्रमांक सापडतो.

फोटो इतरांना दाखवण्याआधी लोको पायलट किंवा ट्रेन मॅनेजरचा, म्हणजे गार्डचा, चेहरा ओळखू येतो का पाहा. येत असेल आणि त्यांना विचारलेलं नसेल तर दुसरा फोटो निवडा. कोणी रुळावर उभं असलेला फोटो तर दाखवूच नका, तो पाहून पुढचा मुलगा तिथेच जाऊन उभा राहतो.

आणि पुढच्या फेरीला निघण्याआधी वहीची मागची चार-पाच पानं वाचा. कोणत्या रकान्यात रिकाम्या जागा जास्त आहेत ते दिसेल. माझ्या पानांवर तो रकाना बराच काळ 'शेवटी काय' हाच होता. तेव्हापासून पुलावर मी इंजिनाच्या बाजूला नाही, शेपटाच्या बाजूला जरा सरकून उभा राहतो.